मावशीच्या हाताचा दावा

आमच्या मावशीच्या यजमानांइतका कायद्यावर जीव असलेला माणूस निजाम सरकारच्या अदालतीतसुद्धा सापडला नसता, आणि कायद्याला त्यांच्याइतका ताप दुसऱ्या कुणी दिलाही नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. औशाच्या कचेरीत साधे कारकून, पण उर्दू अशी झाडायचे की साहेबालाच आपल्या खुर्चीची काळजी वाटावी. गोष्टी सांगायची त्यांना भारी हौस, आणि अट एकच: ऐकणाऱ्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं पाहिजे. न बघता ऐकणं म्हणजे त्यांच्या लेखी बेअदबी. आमच्याकडं सत्यनारायण चालू असताना त्यांनी पोथी वाचणाऱ्या गुरुजींनाच "जरा इकडं बघा" म्हणून थांबवलं आणि मुदखेड स्टेशनावर हरवलेल्या तहसीलदाराच्या हुक्क्याची गोष्ट सुरू केली. ती संपेपर्यंत गुरुजी कुठवर आलो ते विसरले आणि तिसरा अध्याय दोनदा वाचला गेला. आम्ही उपाशी पोटी प्रसादाची वाट बघत बसलो, तर काका म्हणाले, "पुण्य दुप्पट लागलं, तक्रार कशाची?"

तर असे हे काका एकदा मावशीला घेऊन सर्व्हिस मोटारीनं लातूरला निघाले. मावशी मागं बायकांत बसली आणि काका मानानं ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर हुसेनभाई त्यांचा मोठा भक्त. काकांनी त्याला तीच हुक्क्याची गोष्ट सांगायला घेतली. हुक्का सापडायच्या बेताला आला आणि काका थांबले, कारण हुसेनभाई रस्त्याकडं बघत होता. ड्रायव्हर माणूस, त्याला तेवढी वाईट खोड असायचीच. "मग काय झालं, काकासाब?" त्यानं विचारलं. "इकडं बघ, मग सांगतो," काका म्हणाले. हुसेनभाईनं बघितलं, आणि मोटार पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. काकांना खरचटलंसुद्धा नाही. देव अशा माणसांना फार जपतो. मावशीचा मात्र उजवा हात मोडला. हाडवैद्यानं तो असा काही बसवला की पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

मावशी कुरकुरली नाही. पण फळीवरचा डबा काढायला तिला शेजारणीला हाक मारावी लागली की काका उठून बाहेर जायचे आणि बराच वेळ नाक शिंकरत उभे राहायचे. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की या हाताचा जाब कुणीतरी द्यायलाच पाहिजे. 'कुणीतरी' कोण, ते मोटारीतल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त काकांना. त्यांनी हुसेनभाई आणि मोटारीचा मालक, दोघांवर नुकसानभरपाईचा दावा लावला.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, उर्दूत, एकवीस पानी. पहिली आठ पानं सरकारची तारीफ, मग अदालतीची, मग लातूर शहराच्या हवापाण्याची; मोटार औशाहून निघाली ती तेराव्या पानावर. वकील म्हणाले, "काकासाहेब, हे अर्ध्या पानात भागतं." काका भडकले. "तुमचं भागत असेल. हात माझ्या बायकोचा आहे." नुकसानीच्या यादीत मावशीचा हात होता, चिवड्याचा डबा होता, काकांची छत्री होती, आणि सगळ्यांत शेवटी 'एक किस्सा, जो ऐन रंगात असताना तुटला.'

मी तेव्हा लातूरच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे दाव्याच्या प्रत्येक पेशीला, म्हणजे तारखेला, दोघांचं जेवण माझ्याकडं. औशाहून येणारी मोटार एकच, त्यामुळे दावा लावणाऱ्याला अदालतीत आणून सोडायचं काम ज्याच्यावर दावा लावला त्याचंच. हुसेनभाई काकांसाठी जागा धरून ठेवायचा आणि उतरताना मावशीला हात द्यायचा. निकाल उलटा गेला तर मालक त्याला काढून टाकणार होता आणि घरी चार पोरं होती. तरी न्याय द्यायला बसलेल्या मुन्सिफसाहेबांनी "लक्ष कुठं होतं?" असं विचारलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "चूक माझी, हुजूर." काकांचं नाव त्यानं काढलं नाही.

मग साहेबांनी अर्जाचं शेवटचं पान उघडलं. "हा किस्सा काय आहे?" एवढ्या मोठ्या माणसानं काकांना आपण होऊन गोष्ट विचारायची ही पहिलीच वेळ. काका खुलले. तहसीलदार, मुदखेड, हुक्का, सगळं रंगात आलं. साहेब खाली बघून लिहीत होते. काका थांबले.

"हुजूर, इकडं बघून ऐकावं."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "ड्रायव्हरलाही हेच म्हणाला होतात?"

पलीकडून हुसेनभाई मान हलवून 'नाही म्हणा' अशी खूण करत होता. बाकावर मावशी आखडलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. काकांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "जी हुजूर," ते म्हणाले, "म्हणालो होतो." दावा तिथंच खारीज झाला.

परतीच्या मोटारीत मीही गेलो. काका मागच्या बाकावर बसले आणि अवाक्षर बोलेनात. मावशीच घाबरली. "काहीतरी बोला की. तुम्ही गप बसलात तर माझा जीव खालीवर होऊन राहिला."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या मोटारीला ठाऊक होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही रात्रंदिस माझ्या हातासाठी लिहून राहिले होते," मावशी म्हणाली. "बाईच्या हातासाठी कोण लिहितं एवढं? म्हटलं, लिहू द्यावं."

आता दोघंही नाहीत आणि मला त्यांची फार आठवण येते. अदालतीपेक्षा जास्त आठवते ती त्यानंतरची औशातली एक सकाळ. मावशी दारात पाटावर बसलेली आणि मागं काका, तोंडात दोरा धरून, तिची वेणी घालत होते. तिला स्वतःला घालता येत नव्हती. कचेरीची वेळ टळून चालली होती. मला बघून ते ओशाळले आणि उगाच खेकसले, "नीट झाली का? बोल की."

"सैल झाली," मावशी म्हणाली.

काकांनी सगळी वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.