ताईचं वाक्य

माझी ताई बोलताना अडखळते. 'प' आणि 'म' तर तिचे जन्माचे वैरी. त्यामुळे लहानपणापासून तिची वाक्यं आम्हीच पुरी करत आलो. आई, दादा आणि हो, मीसुद्धा. प्रेमापोटी करतो, असं म्हणायचो. खरं म्हणजे आम्हाला धीर नव्हता.

कपड्यांच्या कारखान्यात ताई, दादा आणि मी, तिघंही कामाला. ताई सोळा वर्षं कापणीच्या टेबलावर. कापडाचे ऐंशी थर एकावर एक लावून ती यंत्र फिरवते, पण खालची बाही वरच्या बाहीपेक्षा सूतभरही वेगळी निघत नाही. दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा साहेबांनी तिलाच विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "नको साहेब, तिला झेपायचं नाही." झालं! जागा गेली दुसऱ्याच्या घशात.

पुढे ताईला फोनवर एक ग्रुप सापडला. सगळे अडखळणारे. कुणी ड्रायव्हर, कुणी शिक्षिका. एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. लिहायचं नाही, बोलूनच पाठवायचं, आणि दुसऱ्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, एवढाच नियम. ताईनं पहिल्यांदा आपलं नाव आणि काम सांगितलं, त्याला साडेतीन मिनिटं लागली. "ऐकलं, शेवटपर्यंत," अशी साठ उत्तरं आली. ती ऐकत ताई भांडी घासताघासता रडली. मला मेलीला लाज वाटली.

दादा मात्र कुरकुरला, "तोतऱ्यांत राहून आणखी तोतरी होशील."

"ह... होईन," ताई म्हणाली. "प... पण बोलेन."

गेल्या सोमवारी तीच जागा पुन्हा रिकामी झाली. ताई आपणहून साहेबांच्या खोलीत शिरली. मागोमाग दादा, त्याच्यामागे मी.

"साहेब, म... म..."

दादानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला टाचेसकट. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"घ... घड्याळ नंतर बघा," ताई म्हणाली. "म... मला ही जागा हवी."

"अहो, पण चाळीस जणांना सूचना कशा देणार?"

"अ... अशाच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं. तीन महिने बघू."

ताई दारातून वळली. "म... म..."

साहेब थांबले. दादाही थांबला, ओठ घट्ट मिटून.

"...मी पण बघते."