बायडाबाईची साक्ष

मिरजगावपासून नऊ किलोमीटरवर असलेल्या त्या गावात मी सोळा वर्षं शिक्षिका होते. गावाबाहेर गायरानात पारध्यांची अकरा घरं होती, पत्र्याची आणि कुडाची. त्यातलं एक बायडाबाईचं. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, अंगद. पाच-सहा शेळ्या, हंगामात खुरपणीची मजुरी. त्या गायरानात तिला अठरा वर्षं झाली होती. तिच्या घराण्यात एका जागी एवढी वर्षं कुणी राहिलं नव्हतं.

मार्च २०२२ मध्ये सरपंचांचा पुतण्या हर्षल याच्या विहिरीवरची पाण्याची मोटार नाहीशी झाली. कुणी काही पाहिलं नव्हतं, पण सकाळी पाच-सहा जण थेट गायरानात गेले. अंगद तेव्हा एकवीस वर्षांचा, मिरजगावात गाड्या धुवायच्या सेंटरवर कामाला. तो डबा घेऊन निघालाच होता. त्याला ओढत आणलं, मागे बायडाबाई धावत होती. त्याला मंदिरासमोरच्या विजेच्या खांबाला बांधलं आणि मोटार कुठं विकली ते विचारत मारलं. डावा हात दोन ठिकाणी मोडला. आठ दिवसांनी कळलं, मोटार हर्षलच्याच मेहुण्याने कर्जतला दुरुस्तीला, रिवाइंडिंगला टाकली होती. तो सांगायचं विसरला होता. मोटार परत आली, विहिरीवर बसली, पाणी सुरू झालं. गायरानाकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

बायडाबाईने सामान बांधायला घेतलं. तिची सासू तेच करत आली होती आणि सासूची सासूही. गावाशी बिनसलं की पाल गुंडाळायचं आणि दुसरी शीव धरायची. टेम्पो सांगितला. दोन शेळ्या विकायला ती मिरजगावच्या आठवडे बाजारात गेली, आणि तिथे तिने कल्याणचं भाषण ऐकलं.

कल्याण पस्तिशीचा, पारधी समाजातलाच, आश्रमशाळेत शिकून बी.ए. झालेला. त्याने एक संघटना काढली होती आणि बाजाराच्या दिवशी ट्रॉलीवर उभा राहून तो बोलायचा. अंगाने किरकोळ होता. आवाजही मोठा नव्हता, पण तो बोलायला लागला की भाजीवाले वजन करायचे थांबत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्या दिवशी तो म्हणाला, "माझी आई मला पोटात घेऊन पोलिस ठाण्यात हजेरीला बसली होती. म्हणजे माझी पहिली हजेरी माझ्या जन्माच्या आधीच लागली. इंग्रजांनी कायदा केला होता, ही जातच गुन्हेगार. इंग्रज गेले, कायदा गेला, पण गावात एक कोंबडी हरवली तरी बोट आपल्याच पालाकडे. मग आपण काय करतो? उठून जातो. आपण गेलो की ते म्हणतात, बघा, चोर होता म्हणून पळाला. एकदा थांबून बघा. एकदा जागेवर उभं राहून विचारा, माझा गुन्हा काय?"

बायडाबाई दोन्ही शेळ्या घेऊन परत आली. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. बांधलेली भांडी सोडली. अंगद म्हणाला, आई, आपल्याला झेपणार नाही. ती म्हणाली, त्या मानसानं माझंच सांगितलं, माझं नाव माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशी ती कल्याणला शोधत गेली. त्याने तक्रार लिहिली, ॲट्रॉसिटीची कलमं लावायला लावली, आणि महिन्याभरात कर्जतच्या तहसील कचेरीवर मोर्चा काढला. श्रीगोंदा, जामखेडकडच्या वस्त्यांवरून चारशे माणसं आली. कल्याणचं बोलून झाल्यावर त्याने माइक तिच्या हातात दिला. ती आयुष्यात पहिल्यांदा माइक धरत होती, आणि तो तिने वाटीसारखा दोन्ही हातांत धरला.

"माझ्या पोराचा हात मोडला," ती म्हणाली. "मोटार त्यांच्याच पाव्हन्याकडं निघाली. कुनी येऊन चुकलं म्हनलं असतं तर मी हितं आले नसते. कुनी आलं न्हाई." एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं नुसती उभी राहिली. मागून एक म्हातारी पुढे आली आणि बायडाबाईच्या शेजारी जाऊन थांबली, मग दुसरी, मग तिसरी. कल्याणने नंतर मला सांगितलं की त्याच्या कुठल्याच भाषणाने असं झालं नव्हतं. हर्षल आणि आणखी दोघांना अटक झाली. दीड महिन्याने ते जामिनावर सुटले.

पुढची दोन वर्षं गावाने त्याचा राग त्या अकरा घरांवर काढला. गिरणीवाला दळण घेईना. दुकानदार माल संपला म्हणायचा. शेतावर कामाला कुणी बोलवेना. बायडाबाई डोक्यावर दळण घेऊन मिरजगावला चालत जायची. वस्तीतलं कुणी डगमगलं की ती त्यांना कल्याणचं भाषण सांगायची, शब्द न् शब्द. त्याच्यापेक्षा साध्या आवाजात, पण तेच.

आणि मी? अंगदला बांधलं तेव्हा मी शाळेच्या ओसरीवर होते. खांब तिथून शंभर पावलांवर आहे. पोलिस जबाब घ्यायला आले तेव्हा मी सांगितलं की मी वर्गात होते, काही दिसलं नाही. मला गावात राहायचं होतं. शाळेची नवी खोली सरपंच बांधून देत होते. बायडाबाईला हे कळलं. ती शाळेच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या अंगावर हिरवं लुगडं हुतं त्या दिशी." मग ती वस्तीकडे वळली. नंतरही ती माझ्याशी बोलत राहिली, मुलांचं विचारत राहिली. पण त्या जबाबाबद्दल पुन्हा एक अक्षर नाही.

खटला उभा राहायच्या आधी, जानेवारी २०२४ मध्ये, कल्याण वस्तीवर आला. सकाळची वेळ होती. या वेळी मोटारसायकल नव्हती, पांढरी गाडी होती. पुढच्या सीटवर सरपंचांचा माणूस होता, तो खाली उतरला नाही. कल्याणला तोवर सरपंचांच्या पक्षात जिल्ह्याचं पद मिळालं होतं, हे वस्तीला ठाऊक नव्हतं.

त्याने सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. अकरा कुटुंबांच्या नावावर गायरानातली घरजागा करून द्यायला सरपंच तयार आहेत, ग्रामसभेत ठराव होईल, वीज येईल. बदल्यात अंगदने कोर्टात एवढंच म्हणायचं की त्याला कुणी मारलं नाही. मग तो बोलायला लागला. "लढाई म्हणजे फक्त समोरच्याला जेलात घालणं नव्हे. ज्यांच्या सात पिढ्यांना पत्ता नव्हता, त्यांच्या नावाचा उतारा निघणं, हीसुद्धा लढाईच आहे. उद्या तुमच्या लेकरांना मास्तर विचारतील, घर कुठं? तेव्हा त्यांना बोट दाखवता आलं पाहिजे." तो खरंच सुंदर बोलला. बाजारात त्याला पहिल्यांदा ऐकताना ज्या बायका रडल्या होत्या, त्याच पुन्हा रडल्या. अंगदचेही डोळे भरले. त्याचं लग्न झालेलं होतं, बायको गरोदर होती.

बायडाबाई शेवटी बोलली. "दादा, तुमीच म्हनला हुता, जागेवर उभं राहून विचारा. मी अजून विचारतीया. उत्तर आलं का?"

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही एका हाताचं बघता. मला समाजाचं बघावं लागतं."

तो निघताना तिच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

फेब्रुवारीत नगरच्या कोर्टात साक्षी झाल्या. आधी अंगदची. त्याने सांगितलं की तो मोटारसायकलवरून पडला, हात तेव्हा मोडला. आई दाराशी बसली होती. तो बाहेर आला तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग बायडाबाईला आत बोलावलं. तिने खांब सांगितला, तिघांची नावं सांगितली, दोर कुठल्या रंगाचा होता ते सांगितलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, तुमचा मुलगा काही वेगळंच सांगतो, मग तो खोटं बोलतो का?

ती म्हणाली, "त्यो माझा ल्योक हाय. त्याला दवाखान्यात नेताना त्याचा हात मी धरला हुता. हाड माझ्या बोटाला लागत हुतं."

तिघेही निर्दोष सुटले. ज्याला मारलं तोच नाही म्हणाल्यावर कोर्टाने दुसरं काय करायचं? गावात त्या संध्याकाळी फटाके वाजले.

घरजागेचा ठराव ग्रामसभेत आलाच नाही. म्हातारीने साक्ष दिली, म्हणजे ठरलेलं मोडलं, असं सरपंच म्हणाले. कल्याण फोन उचलेना. मग वस्तीने त्याला नव्हे, बायडाबाईला धारेवर धरलं. तिच्या हट्टापायी बाकीच्या दहा घरांची जागा गेली, असं शेजारची रतनबाई तिला तोंडावर म्हणाली. ही तीच रतनबाई, जी मोर्चात तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. पाण्याच्या टाकीवर बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या. अंगद बायकोला घेऊन श्रीगोंद्याकडे निघून गेला. जाताना सांगून गेला नाही.

त्या नोव्हेंबरात विधानसभेचा प्रचार होता. मिरजगावच्या सभेत कल्याण मंचावर सरपंचांच्या शेजारी बसला होता. बोलायला उठला आणि आईच्या पोटात असताना लागलेली हजेरी त्याने पुन्हा सांगितली, तशीच, त्याच जागी थांबून. त्यावरून तो उमेदवाराकडे वळला आणि मतं मागितली. बायडाबाई मागे उभी राहून ऐकत होती. मी नंतर विचारलं, गेलात कशाला?

"बघायला गेल्ते, आता त्याला बोलता येतंय का म्हनून," ती म्हणाली. "येतंय, बाई. लई झाक बोलला. मला ठाऊक हुतं त्यो काय मानूस हाय, तरी डोळ्याला पानी आलं. लई राग आला. त्याचा न्हाई, माझ्या डोळ्याचा."

त्या सभेतून घरी न येता ती थेट नगरच्या एस.टी.त बसली होती. कोर्टात एकदा पाणी विचारणाऱ्या पंकजा नावाच्या वकीलबाईंचा नंबर तिच्याकडे होता. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं की अपील करता येईल, उशीर माफ करायचा अर्जही जोडता येईल, पण मुलाच्या जबाबामुळे आशा फार कमी आहे. बायडाबाईने विचारलं की मी कोर्टात जे बोलले ते तिथल्या कागदावर लिहिलेलं आहे ना. वकीलबाई म्हणाल्या, आहे, शब्द न् शब्द. मग ती अंगठा द्यायला पुढे झाली. अपील संभाजीनगरच्या खंडपीठात दाखल आहे. अजून तारीख लागलेली नाही.

मी निवृत्त झाले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जाते. ती चहा देते. गेल्या हिवाळ्यात मी तिथे बसले असताना अंगदचा फोन आला, गेल्यापासूनचा पहिलाच. मुलगी झाली होती, ती आता रांगते, असं तो सांगत होता. मग म्हणाला, आई, मला खरंच वाटलं हुतं, घरं व्हतील.

मला वाटलं बायडाबाई फोन ठेवेल. मग तिने विचारलं, "थंडीत हात दुखतो का?"

दुखतो, तो म्हणाला.

"तेल कोमट करून लाव," ती म्हणाली, आणि फोन बंद केला.