चौकापर्यंत

छत्री तलावावर सकाळी फिरायला येणारी ती बाई फोनमध्ये राक्षस पकडते. साठीची असावी. पायात बूट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. तो खेळ चालत चालतच खेळायचा असतो. आपण जिथं जाऊ तिथं फोनच्या नकाशावर नवा राक्षस उभा. एखादा हाती लागला की ती भर रस्त्यात टाळी वाजवते. लोक हसतात. हसू देत.

एकदा मी मोठ्या हौसेनं तिला माझ्या फोनवरचा नकाशा दाखवला. मी कुठून कुठं चालले याची रेघ त्यात उमटते आणि ती मी रोज फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. तिनं चष्मा वर करून पाहिलं.

“ताई, रेघ इथून निघते, मंजे हे तुमचं घर. आन तुमी आता इथं, मंजे तिथं कुलूप. मी तुमाले ओयखतबी नाई, तरी मले समजलं.”

मी एकटी राहते.

“मग तुम्ही कशाला खेळता?”

“काहून नाई खेळाव? पन मी चौकात आल्यावर लोकेशन चालू करते, आन वापस चौकातच बंद. खेळाले चौक मालूम हाय, माह्यं फाटक नाई.”

आता मीही तसंच करते. परतताना आम्ही चौकापर्यंत सोबत असतो. तिथं ती थांबते, स्कार्फ सोडून पुन्हा बांधते, भाजीच्या भावाचं बोलते. मी माझ्या गल्लीत वळले की मगच निघते.

वर्ष झालं. ती कोणत्या गल्लीत राहते, मला अजून माहीत नाही.