जाळ्यात खोवलेली सुई

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील भाईंदरच्या एका मिठागरावर मुकादम होते. मुंबईला गेलेल्या मिठाच्या गोण्या रिकाम्या होऊन परत येत, तेव्हा त्यांच्या घड्यांत बंदी असलेली पत्रकं लपवलेली असत. कागद दमट झालेले असायचे. आई ते चुलीमागच्या भिंतीला टेकवून सुकवायची आणि मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. पान उलटायला बोट जिभेला लावलं की खारट चव यायची. आजही छापील कागद हातात आला की मला तीच चव आठवते, आणि पावसाळ्यासाठी गवतानं शाकारलेल्या मिठाच्या राशी.

एकोणिसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागले होते. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांना सुटल्यावर हात द्यावा म्हणून गावात एक छोटा निधी होता. आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी तो सांभाळत. सत्याग्रही सुटून घरी आले, तरी निधी थोडा उरला. मी हट्ट धरला की आता तो ठाण्याच्या तुरुंगातून सुटणाऱ्या कोणालाही मिळावा. गुरुजींना ते पटेना. देशासाठी गेलेला आणि चोरी करून गेलेला यांना एकाच पंगतीत कसं बसवायचं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सरकार माणसाला वर्षभर कोंडतं आणि मग जुन्या कपड्यांत दाराबाहेर सोडून देतं, त्याचं पुढं काय होतं ते कोण विचारणार? तीन बैठका मी भांडले. शेवटी गुरुजी हसून म्हणाले, "तुला नकार देण्यापेक्षा चंदा गोळा करणं सोपं आहे."

त्या पावसाळ्याच्या अखेरीस तुरुंगाच्या दारात आम्हाला भेटलेला पहिला माणूस जवळच्याच, दर्याकाठच्या पाली गावचा ख्रिस्ती कोळी होता. एका तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, जाळं चोरून विकल्याबद्दल तो वर्षभर आत होता. मी त्याला सदरा आणि भाकरीचं गाठोडं दिलं. त्यानं आधी दर्या कसा आहे ते विचारलं. तुम्हाला काय हवं, असं मी विचारल्यावर म्हणाला, "होडीवर जागा. दुसरं काय?"

पावसाळा सरला की पालीत पाद्री होड्यांना आशीर्वाद देत आणि मग त्या दर्यात लोटल्या जात. त्या दिवसाला तीन आठवडे उरले होते. त्याआधी कोणी होडीवर घेतलं नाही तर त्याचं सबंध वर्ष फुकट जाणार होतं. जाळंचोराला कोण घेणार? मला वाटलं, स्वतःचं जाळं घेऊन येणाऱ्याला कोणीही घेईल. म्हणून त्याच्यासाठी जाळं विकत घ्यायचं ठरवलं आणि रात्रभर बसून पत्रक लिहिलं. जाळं चोरल्याची शिक्षा भोगून पालीला परतलेल्या एका कोळी बांधवाला पुन्हा उभं करा, असं त्यात होतं. नाव छापलं नव्हतं, याचा मला केवढा अभिमान. पालीत असा माणूस एकच होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पत्रक मी भाईंदरच्या बाजारात उभं राहून वाचलं. आवाज माझा खणखणीत. लोकांनी चंदा दिला, मिठाच्या व्यापाऱ्यांनीही दिला. समोरच पालीच्या बायका सुके बोंबील विकायला बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं माझं वाचून व्हायच्या आतच पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली. आई नेहमी तिच्याकडूनच बोंबील घ्यायची. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या आगबोटीवर नोकरीला आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चंदा घेऊन मी पालीला चालत गेले. त्याच्या दारात तीच बोंबीलवाली बोंबील निवडत बसली होती; आगबोटीवरचा म्हणून सांगितलेला तिचा नवरा म्हणजे हाच. मी पैशांची पुरचुंडी पुढं केली, तिनं हात पुढं केला नाही. नवरा आत होता, तो बाहेर आलाच नाही.

ती जे म्हणाली त्यातलं बरंचसं मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं. वर्षभर किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडले की एक लहान ढीग उरायचा. तो कोणाचा, असं कोणी म्हणत नसे. ती सगळ्यांच्या शेवटी जायची आणि तो उचलायची. त्यावर तिची मुलं जगली. होडीवर घ्यायचीही तशीच रीत होती. पावसाळा सरताना तांडेल किनाऱ्यावर जाळी पसरून खलाशांसोबत दुरुस्तीला बसतो. ज्याला घ्यायचं त्याच्यासाठी तो एक जागा मोकळी ठेवतो आणि तिथं जाळं विणायची सुई खोवून ठेवतो. तो माणूस येतो, सुई काढतो, बसतो. कोणी बोलावत नाही, कोणी विचारत नाही.

"ज्याचं जालं गेलं, तोच तांडेल सुई ठेवनार होता," ती म्हणाली. "त्याच्या बायकोनं मला सांगितलं व्हतं. आता न्हाय ठेवनार. ठेवली तर लोक बोलतील, भाईंदरवाल्यांचा पैसा बघून ठेवली."

मी म्हटलं, मावशी, माझी चूक झाली, मी उद्याच खुलाशाचं पत्रक काढते.

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आनखी एक कागद काढलास ना बाय, तर तुला खाडीत ढकलीन. पैसं ज्यांचं त्यांना दे जा."

परतताना मिठागरांच्या बांधावरून चालता चालता मी रडले, आणि रडताना रागही आला. तिचा नाही, माझ्या खणखणीत आवाजाचा. गुरुजींना सगळं सांगितलं. "मी आधीच सांगितलं होतं," असं ते म्हणतील याची मला खात्री होती. ते उठले, छत्री घेतली आणि म्हणाले, "चल."

चार दिवस आम्ही दोघं दारोदार फिरून चंदा परत करत होतो. पैसे परत घेणाऱ्यांनी केलेली थट्टा ऐकून घेतली. एका व्यापाऱ्यानं विचारलं, पत्रक आवडलं नाही का त्याला? गुरुजी शांतपणे म्हणाले, "त्यानं काही मागितलंच नव्हतं." प्रत्येक दारात ते हेच एक वाक्य म्हणाले. बाजारात बसलेल्या कोळणींनी ते ऐकलं, आणि ते आमच्या आधी पालीला पोचलं.

आशीर्वादाला चारच दिवस राहिले होते तेव्हा मी पुन्हा पालीला गेले. पाऊस उघडला होता. किनारा जाळ्यांनी झाकला होता, आणि ओल्या सुताचा वास सगळीकडे. ज्याचं जाळं चोरीला गेलं होतं तो म्हातारा तांडेल चार जणांबरोबर बसला होता. त्याच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती आणि तिथं जाळ्यात सुई खोवलेली होती. मी लांब, माडाआड थांबले. पुढं जायचं धाडस नव्हतं, आणि जायचं कारणही नव्हतं.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग तो आला, मी दिलेला सदरा न घालता, आपल्या जुन्या बंडीत. सुई काढली, बसला. तांडेलानं मान वर केली नाही. फक्त फाटलेला भाग त्याच्या बाजूला सरकवला.

निधी पुढंही चालला. तुरुंगाच्या दारात भाकरी, कपडे, गाडीभाडं आम्ही देत राहिलो, आणि माणसाला काय हवं ते विचारून गप्प बसायला शिकलो. पत्रकं मी सोडली नाहीत. आजही लिहिते. पण ती सरकारला उद्देशून असतात, आणि त्यात कोणाच्या चोरीचा उल्लेख नसतो.

होड्या गेल्यावर महिन्याभरानं ती बाजारात पुन्हा दिसली. पाटीत ताजे बोंबील होते. मी भाव विचारला. तिनं इतरांपेक्षा दोन पैशांनी जास्त सांगितला. मी म्हटलं, मावशी, हे जरा जास्तच होतंय.

"तुला हाच भाव," ती म्हणाली आणि बोंबील मोजायला लागली.

पुढची कितीतरी वर्षं मी तोच भाव देत आले. एकदाही घासाघीस केली नाही.