गज काय म्हणाला

लेक ट्वायला कुणाच्या घरी बंदूक पारखायला गेली की आर्डिथ क्रायडरच्या मनात पाल चुकचुकायची. एकोणीस वर्षं झाली, पण पाल काही जागची हलली नव्हती. एखाद्या दिवशी एखादी जुनी नळी रिकामी नसेल, आणि नेमकं आपल्या लेकीचं तोंड तिच्यासमोर असेल. आर्डिथने तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. पोरांची भीती कशी घालवायची ते तिला ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यातलं काहीच लागू पडत नव्हतं.

ट्वायलाचा धंदा जुन्या बंदुकांच्या खरेदी-विक्रीचा. बर्क्स काउंटीत घरामागे बापाची ट्रॅक्टरची शेड होती, तिथेच तिने दुकान थाटलं. त्याआधी ती दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या घडवायची. हात स्थिर, नजर बारीक. एकदा एल्वुड गेअर नावाचा म्हातारा कवळी बसवून घ्यायला आला आणि खिशातून बंदुकीच्या घोड्याचा मोडका तुकडा काढून म्हणाला, "पोरी, दात घडवतेस, तर हा घडवशील का?" तिने घडवला. पुढच्या आठवड्यात म्हातारा दोन तुकडे घेऊन आला. वर्षभरात ट्वायलाने कवळ्यांना रामराम ठोकला.

एल्वुडने पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते ठासणीच्या बंदुकीचं. "हातात घेतलीस की आधी विचारायचं, बाई गं, पोटात काही आहे का?" असं म्हणून त्याने लोखंडी गज नळीत सोडला. तळाच्या लोखंडावर गज आपटला आणि ठण्ण असा आवाज आला. "ही रिकामी. रिकामी बोलते. भरलेली नुसतं थप करते आणि गप्प बसते." म्हातारा कानाने ठार बहिरा होता. तो नळीवर दोन बोटं टेकवून तो आवाज ऐकायचा. एवढ्यावर भागायचं नाही. गज नळीच्या तोंडाशी अंगठ्याने धरायचा, बाहेर काढून नळीला लागून लांबीने ठेवायचा, आणि त्याचं टोक पार बुडाशी, दारू पेटवायच्या बत्तीच्या भोकापर्यंत पोचतंय का ते बघायचं. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे, म्हणजे दारू आणि गोळी.

इथल्या घरोघर शेगडीच्या वर भिंतीला अशा बंदुका टांगलेल्या असत, त्याही भरलेल्या. बार उडवला तर दारू वाया जायची, उपसायचा तर कटकट. मग माणूस मरायचा, मुलगा मरायचा, नातू घर विकायचा, आणि बार आपला तसाच आत.

ट्वायलाने एकदा भर लिलावात सौदा थांबवला होता. एका मेलेल्या शेतकऱ्याचं सामान विकायला काढलं होतं, पन्नासेक माणसं गवताच्या गठ्ठ्यांवर बसली होती. एक लांब नळीची रायफल या हातातून त्या हातात फिरत होती. कुणी नेम धरत होतं, कुणी एक डोळा मिटून नळीत डोकावत होतं. ट्वायलाच्या हातात आल्यावर तिने गज सोडला. थप.

"थांबवा," ती म्हणाली. "ही भरलेली आहे."

"अगं बये, दीडशे वर्षांत तिच्या दारूचा चहा झाला असेल!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"मग प्या," ट्वायला म्हणाली.

तिने गजाच्या टोकाला गोळीत रुतणारी फिरकी लावली, नळीत तेल सोडलं आणि हळूहळू शिशाची गोळी ओढून काढली. मागोमाग काळी भुकटी वर्तमानपत्रावर पडली. त्यातली तेलाने न भिजलेली चिमूटभर तिने अंगणातल्या दगडावर ठेवली आणि काडी लावली. भस्सकन जाळ झाला. नळीत डोकावणारा माणूस आपला डोळा चाचपून बघू लागला. हसणारा कुठे गेला ते कळलं नाही. आर्डिथ त्या दिवशी तिथे होती. त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण लेकीच्या अभिमानाने ऊरही भरून आला होता.

तेव्हापासून ट्वायलाच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक बंदुकीच्या चापाला एक चिठ्ठी बांधलेली असते: "रिकामी", खाली "ट्वा. क्रा." अशी सही. या धंद्यातली माणसं सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाहीत, पण ती चिठ्ठी दिसली की स्वतः गज टाकत नाहीत.

कायद्यातही ती तशीच. अठराशे अठ्ठ्याण्णव किंवा त्याआधी बनलेली बंदूक सरकारच्या लेखी पुराणवस्तू, ती साध्या टपालाने जाते. एक वर्षही अलीकडची असेल तर परवान्याच्या दुकानातून परवान्याच्या दुकानात. शिवाय प्रत्येक राज्याचं आपलं वेगळं तुणतुणं. एका गृहस्थाने पिस्तूल पुढे केलं, "हे बघा, नळीवरच छापलंय, शहाण्णव! टाका पोस्टात."

"ते पेटंटचं वर्ष आहे, साहेब, जन्माचं नाही," ट्वायला म्हणाली. "तुमच्या अंगठीवर सोनाराचा शिक्का आहे, म्हणून काय तुमचं लग्न सोनाराशी लागलं?"

गृहस्थाची बायकोच आधी हसली. ट्वायलाने नंबरावरून कारखान्याचं रजिस्टर शोधलं. पिस्तूल एकोणीसशे दोनचं निघालं. गिऱ्हाईक गेलं. वर्षभराने तेच गृहस्थ आजोबांची अख्खी पेटी घेऊन तिच्याकडेच आले.

आणि दारू. पोस्टाला दारूचं वावडं, प्यायचीही नाही आणि बंदुकीचीही नाही. कुणी बंदुकीबरोबर बारूद ठेवायचं जुनं शिंग विकत घेतलं तर ट्वायला ते आधी बादलीभर पाण्यात उपडं करायची, मगच खोक्यात घालायची.

नवरा मर्ल वारला, त्यानंतर खोकी बांधायचं काम आर्डिथने अंगावर घेतलं. चकमक काढून चामड्यात गुंडाळायची, गज वेगळा बांधायचा, आत बंदुकीच्या वयाचा कागद ठेवायचा, आत काय आहे ते खोक्यावर लिहायचं नाही. टेप मात्र ती सढळ हाताने लावायची.

"मॉम, हा खोका आहे की इजिप्तची ममी?" ट्वायला म्हणायची. "घेणाऱ्याला करवत लागेल."

"लागू दे. फुटलं तर तुझंच नाव जाईल."

गेल्या गुरुवारी ट्वायला केंटकीला आठवडाभराच्या प्रदर्शनाला गेली. येगर नावाच्या कुटुंबाची एक रायफल आयोवातल्या हार्लन व्हॉसला फोटोंवरूनच विकली गेली होती, पण येगरांची सून ती शुक्रवारी दुपारी घेऊन आली. ट्वायलाने फोनवर सांगितलं, "गज टाक, मापून बघ, चिठ्ठी बांध, पाठव. जमेल ना?"

"मी तीस वर्षं तुझ्यासारख्यांच्या वह्या तपासल्यात."

आर्डिथने गज टाकला. थप झालं.

"सासऱ्यांनी चिंधी कोंबली होती," येगरांची सून म्हणाली. "उंदीर शिरतात हो."

गजाचं टोक नळीच्या तोंडाबाहेर चार बोटं उभं होतं. पोस्ट साडेचारला बंद होणार होतं आणि घड्याळात चार वाजून गेले होते. चिंधीच असणार, असं म्हणून आर्डिथने मापायचं सोडलं आणि चिठ्ठी बांधली. सही तिनेच केली, ट्वायलाच्या अक्षरात. लेकीचं अक्षर तिनेच तर गिरवून घेतलेलं.

आज बुधवार. दुपारी ती चिकन पॉट पायची कणीक लाटत होती, तेवढ्यात ट्वायलाचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मॉम, हार्लनला रायफल मिळाली. लहान पोरासारखा नाचतोय. नळीच्या बुडाचा स्क्रू गंजलाय म्हणे. जेवण झालं की शेगडीच्या जाळावर तापवून सैल करणार आहे."

"जाळावर?"

"सगळे तसंच करतात. रिकामी असली की काय भीती? तू गज टाकलास ना?"

"टाकला," आर्डिथ म्हणाली.

"वाटलंच. अगं, इथे मी सगळ्यांना सांगते, माझी आई माझ्याहून कडक आहे." ट्वायला हसली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला.

आर्डिथ लाटणं धरून उभी राहिली. ती खोटं बोलली नव्हती. गज टाकला होता. गज काय म्हणाला, ते मात्र तिने सांगितलं नव्हतं.

चिंधी असती तर गज थोडा तरी रुतला असता. रुतला नव्हता. शिशावर थांबावा तसा थांबला होता. हे तिला शुक्रवारीच कळलं होतं, असं आता तिला वाटायला लागलं. एकोणीस वर्षं ज्या नळीची भीती वाटत आली ती तिने स्वतःच्या हाताने टेपने गुंडाळून दुसऱ्या कुणाच्या घरी पाठवली होती, लेकीच्या सहीनिशी.

आधी ट्वायलाला सांगावं. तिला बाजूला जाऊन बोलावं लागेल, ती विचारेल, आपण रडू, त्यात दहा मिनिटं जातील. आयोवात एक तास मागे म्हणजे आता साडेबारा. हार्लन जेवायला बसला असेल, किंवा जेवून उठलाही असेल. त्याला फोन केला तर चिठ्ठी खोटी होती हे तोंडाने सांगावं लागेल, आणि या धंद्यात बातमीला चार पाय असतात. संध्याकाळपर्यंत केंटकीच्या प्रत्येक टेबलावर पोचेल. ट्वायलाच्या टेबलावर तर सगळ्यात आधी. पुन्हा एखादं खोकं ती आईच्या हाती देईल की नाही, कोण जाणे.

आर्डिथला ती लिलावातली माणसं आठवली. हसणारी, नेम धरणारी. पोर तेव्हा सव्वीस-सत्तावीसची होती, आणि पन्नास जणांसमोर म्हणाली होती, थांबवा.

टपालाच्या पावतीवर हार्लनचा नंबर होता. आर्डिथने पिठाचे हात ॲप्रनला पुसले, चष्मा लावला आणि नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली, तशी ती उभ्यानेच मनात वाक्य जुळवू लागली: मिस्टर व्हॉस, मी ट्वायलाची आई. आधी शेगडी बंद करा.