नांगी नसलेला विंचू

माझी बायको शालिनी कुणाकडेही गेली की आधी अंगणात वाकायची. मूठभर माती उचलून नाकाशी धरायची, बोटांत चुरायची, मग बेल वाजवायची. मी म्हणायचो, "अगं, लाज वाटते." ती म्हणायची, "घर सगळेच आवरून ठेवतात हो. खरं काय ते बाहेर असतं."

ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मी आठवी नापास, इंदुरात बडा गणपतीजवळ स्कूटर दुरुस्त करणारा. तिची लूना सारखी बिघडायची, त्यातून जमलं. बाकीचे जंगलात वाघ बघायला जायचे, ही पालापाचोळा खरवडायला. मातीतले जेमतेम दिसणारे किडे तपासून जंगलाची तब्येत सांगायची. म्हणायची, "झाडं उशिरा बोलतात. हे आधी बोलतात."

एकदा शेजारच्या गुप्ताजींनी विचारलं, "भिया, भाभीजी नहीं दिख रहीं?" मी घाईत होतो. म्हटलं, "मिट्टी में गई हैं." इंदुरात मिट्टीत जाणं म्हणजे मेलेल्याला पोचवायला जाणं. संध्याकाळी ती परतली तर ओट्यावर अर्धी गल्ली पांढऱ्या कपड्यांत, तोंडं पाडून. गुप्ताजी हात जोडून म्हणाले, "भाभीजी, कौन शांत हो गया?" शालिनीने मातीची पिशवी पुढे केली. "अभी तो कोई नहीं. देखके बताती हूँ." मग सगळ्यांना चहा पाजला.

नर्मदेच्या वाटेवर, चोरल गावाकडची एक टेकडी वणव्यात जळाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती तिथली माती आणायची. गवत आलं, झाडोरा आला, लोक म्हणाले जंगल परतलं. ही मान हलवायची. "वरून हिरवं आहे. खाली वस्ती नाही अजून."

मग तिलाच कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले. तिला एकच हवं होतं, जाण्याआधी त्या टेकडीचं कळायला हवं. या वेळी माती मी आणली. जाळीवर पसरली, खाली नरसाळं, वर बल्ब. वरून तापलं की किडे ओल शोधत खाली सरकतात. खाली डबीत ती नेहमी स्पिरिट ठेवायची. या वेळी म्हणाली, "ओला कापूस ठेवा. मला जिवंत हवेत."

पण भिंग तिला धरवेना, नजर ठरेना. "तुम्ही बघा. तुम्हाला गोड बोलता येत नाही, म्हणून तुम्हीच."

मी बघितलं. "काही नाही. कापूस आहे."

"घाई करू नका."

मग कापूस हलला. रव्याहून बारीक, पांढरे, पोटाखाली स्प्रिंग असल्यासारखे उडणारे. चकचकीत गोल, बेअरिंगच्या छर्‍यांना पाय फुटावेत तसे. जन्म यंत्रं उघडण्यात गेला, पण असं काम कुठे बघितलं नाही. एका मुठीत एवढं चालू होतं!

"उडणारे लवकर येतात," ती म्हणाली. "त्यांना खाणारा कोणी आहे?"

"एक विंचू आहे. तिळाएवढा. चिमटे आहेत, नांगी नाही."

"माझं मन राखायला सांगत नाही ना?"

"मला असला विंचू सुचेल तरी का?"

तिने डोळे मिटले. हसली. "खाणारा आला म्हणजे वस्ती भरली. झालं. आता त्यांना घरी सोडून या."

त्याच आठवड्यात ती गेली. कापूस मी ओला ठेवला होता. अस्थी नर्मदेत सोडून परतताना वाटेत टेकडी चढलो आणि पाल्यावर डबी उलटी केली. विंचवाने चिमटे उचलले, पानाखाली शिरला. पाठोपाठ सगळेच शिरले. जमीन पुन्हा नुसती जमीन दिसायला लागली.

परत निघायचं होतं. पाय उचलला, आणि कुठे ठेवावा ते कळेना.