वीस हजार फुटांचा बॅनर

माझ्या सासूबाईंचा उजवा पाय कधी थांबत नाही. जेवताना हलतो, टीव्ही बघताना हलतो, दवाखान्यात नंबरची वाट बघताना तर अख्खा बाक हलवतो. पंचवीस वर्षं शिलाई मशीन चालवल्याची सवय, असं त्या म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या बाईला कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एका जागी उभं राहवत नाही, तिला मशीनने काय शिकवायचं?

त्यांचं नाव बकुळा. घर बदलापूर गावात आणि काम उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका गाळ्यात. तिथे बर्फात घालायची जाड जॅकेटं शिवतात. माल मनालीला जातो. तिकडे टुरिस्ट ती भाड्याने घेतात, फोटो काढतात आणि परत करतात. इकडे मे महिन्यात, पत्र्याखाली, पंख्याच्या गरम वाऱ्यात बसून आमच्या आई त्या जॅकेटांवर आडव्या शिलाया मारतात. खरा बर्फ त्यांनी पाहिला तो रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखालचा, तेवढाच.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे बघितला आणि सांगितलं, दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू. नंतर चालाल, फिराल, पण डोंगर विसरा.

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "श्रद्धा, मना बरफावर जावाचाय. गुडघा हाय तवर."

मी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर फिरते. दर रविवारी मी बूट बांधायला लागले की "डोंगरावर काय पुरून ठेवलाय गो?" असं विचारणारी हीच बाई. तेव्हा टोमणा मारायची चांगली संधी होती. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बाहेर बघत होत्या, आणि पाय रिक्षाच्या पत्र्यावर आपटत होता.

गाळ्यातून सुट्टी मिळणार ती गणपती उठल्यावर. म्हणजे सप्टेंबर. तेव्हा हिमालयातला उन्हाळा संपत आलेला असतो आणि खालचा बर्फ वितळून गेलेला असतो. बर्फही हवा आणि चढही झेपणारा हवा, असा डोंगर शोधायला मला महिना लागला. शेवटी तीन उरले. पहिला सहा हजार मीटरच्या वर, म्हणजे वीस हजार फूट. दोर नाही, नुसतं चालायचं, पण सप्टेंबरात बहुतेक वाट सुट्या दगडांची, आणि बर्फ असलाच तर माथ्याजवळ. दुसऱ्यावर बर्फच बर्फ, पण त्याला दोर आणि अनुभव पाहिजे. तिसरा सोळा हजार फुटांचा. फार कुणाला नाव माहीत नाही, पण त्याच्या उत्तरेच्या अंगाला शेवटचे दोन तास बर्फ असतो. चढ मध्यम. बुटांना लोखंडी दात बांधून चालायचं, एक दिवस आधी शिकवतात.

आईंनी स्वतः ट्रेक नेणाऱ्या कंपनीला फोन लावला. "भैया, पैर के नीचे बरफ कितना टाइम रहेगा?"

"आंटी, पहलेवाले की हाइट छह हजार के ऊपर है."

"हाइट नहीं पूछा मैं. बरफ पूछा."

तिसरा ठरला असता. पण मध्ये माझा नवरा आला.

संतोष आनंदनगरला कंपनीत सुपरवायझर आहे आणि संध्याकाळी मित्रमंडळाचा कार्यकर्ता. त्याने यादी बघितली आणि फक्त आकडे वाचले. "सोळा हजार? आई, जायचं तर वीस हजार. लोकांना सांगायला काहीतरी पाहिजे ना यार!"

आई काही बोलल्या नाहीत, म्हणून त्याने होकार धरला. आणि ऐन गणपतीत नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर, बॅनर लागला. मधोमध आईंचा लग्नातल्या साडीचा फोटो, मागे संगणकातून आणलेले हिमाच्छादित पर्वत, खाली गॉगल घातलेले चौदा शुभेच्छुक. वर ठसठशीत अक्षरांत: "२०,००० फूट उंच शिखर सर केल्याबद्दल सौ. बकुळाताईंचे हार्दिक अभिनंदन!"

"केल्याबद्दल?" मी ओरडलेच. "अजून आम्ही बॅगासुद्धा भरल्या नाहीत!"

"अगं, जाताना एक आणि आल्यावर एक, दोन-दोन कशाला? एकातच काम झालं." त्याला खरंच कळत नव्हतं की यात चूक काय आहे. आमच्याकडे बॅनर आधी लागतो, काम मागून होतं. फक्त या वेळी ते काम माझ्या सासूच्या गुडघ्याला करायचं होतं.

त्यानंतरचे दिवस घरात कुणाला धड बसू देणारे नव्हते. गणपतीला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "किती फूट?" आई मोदकांचं ताट ठेवायच्या, उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या. भल्या पहाटे अंगणात फेऱ्या मारायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तोच करू, वीसवाला. गाव वाचतोय आता."

मी चिडले. दुसऱ्याच दिवशी त्यांना गावाजवळच्या टवलीच्या डोंगरावर घेऊन गेले. चढल्या माझ्या पुढे. उतरताना सुट्या दगडांचा एक पट्टा लागला, तिथे गुडघा असा काही वळला की त्या मटकन खाली बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. पंधरा मिनिटं आम्ही दोघी तिथेच होतो.

"वीसवाल्यावर असाच दगुड?" त्यांनी विचारलं.

"सगळा दिवस."

"मग बरफापरेंत मी पोचनारच नाय." त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. "सोलावाला कर. संतोषला आता बोलू नको."

मी बुकिंग बदललं. नवऱ्याशी आठवडाभर खोटं बोलले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

डोंगराबद्दल थोडक्यात सांगते. पहिल्या मुक्कामाला त्यांचं डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. गाइड "धीरे, माताजी" म्हणून थकला, कारण हळू चालणं हा प्रकार त्यांच्या अंगातच नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दगड संपले आणि बर्फ सुरू झाला. राखाडी, वरून थोडा मळलेला, ठिकठिकाणी कडक. मला वाटलं, त्या नाराज होतील. त्या दोन पावलं चालल्या, वाकल्या आणि उजवा हातमोजा काढून तळवा बर्फावर टेकला. गाइड ओरडला, मी ओरडले. त्यांनी हात काढला नाही. आम्ही दोघांनी मिळून तो ओढला तेव्हा तो लाल झाला होता.

पुढे माथ्यापर्यंत गेलो, साडेआठ वाजले. तिथे त्या बसल्या. मी पाणी दिलं आणि सहज खाली बघितलं. त्यांचा पाय हलत नव्हता. मला भीती वाटली. मग एकदम रडू आलं, ते मी गॉगलखाली लपवलं.

परत आलो तेव्हा नाक्यावर संतोष हार घेऊन उभा होता, सोबत मंडळ आणि बेंजो पथक. आईंनी हार घालून घेतला नाही. बॅनरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो खाली उतरव."

"आई, अगं, लोक बघतायत—"

"उतरव. मी वीस नाय चढली, सोला चढली."

बेंजो थांबला. संतोषने दोऱ्या सोडल्या. आईंच्या पिशवीत कात्री कायम असते. बॅनर रिक्षाच्या टपावर पसरून त्यांनी खिशाचं कापड कापावं तसा तो आकडा चौकोनी कापून काढला. "आता लाव वर."

चार दिवस तो बॅनर तसाच होता, भोकातून विजेच्या तारा दिसायच्या. संतोष आईशी बोलेना. मित्र हसले म्हणे. माझ्याशीही बोलेना, पण ते मला चाललं.

चौथ्या संध्याकाळी आई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या, पाय चालू. संतोष दारात येऊन उभा राहिला. आत येईना, बाहेर जाईना. शेवटी म्हणाला, "आई, बर्फ कसा असतो गं?"

इतक्या दिवसांत आम्हाला गावातल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. आईंनी गॅस बंद केला. पीठ लागलेला उजवा हात त्याच्यासमोर धरला.

"पंचवीस वरसं दुसऱ्यांना गार लागू नये म्हनून शिवत व्हते," त्या म्हणाल्या. "मना गार लागायचा व्हता. बस, सांगते."

तो खाली बसला. त्यांनी पाटावर मांडी घातली आणि सांगायला सुरुवात केली.